‘चांगले’ची नैसर्गिक व्याख्या: कुठे जमते, कुठे फसते

प्रश्न असा आहे: ‘सजीवांचे एकूण सुख ज्याने वाढते ते चांगले, अशी व्याख्या एकदा मान्य केली की नीतीचे प्रश्न मोजमापाने सुटतील. मग नीतिशास्त्राचे अभ्यासक अशा व्याख्येला तर्कदोष का म्हणतात?’

थोडक्यात उत्तर असे. ‘चांगले’ या शब्दाचा अर्थ सांगणारी व्याख्या म्हणून हे वाक्य टिकत नाही. चांगुलपणा हा गुण प्रत्यक्षात कशाचा बनला आहे याविषयीचा दावा म्हणून ते टिकू शकते. पण दावा केला की पुरावा द्यावा लागतो, आणि ‘व्याख्याच तशी आहे’ हा पुरावा होत नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की वाद भरकटतो, आणि ही सरमिसळ दोन्ही बाजूंचे लोक करतात.

आधी ‘नैसर्गिक’ या शब्दाचा घोळ मिटवू. इथे नैसर्गिक म्हणजे रानात उगवलेले किंवा भेसळ नसलेले नव्हे. निरीक्षणाने, प्रयोगाने, मोजणीने ज्याचा शोध घेता येतो ते सगळे नैसर्गिक: सुख, वेदना, इच्छा, आरोग्य, आयुर्मान, माणसांमधले सहकार्य. ‘अमुक गोष्ट निसर्गात आढळते, म्हणून ती चांगली’ हा एक वेगळा आणि बराच बाळबोध दोष आहे. ‘आहे’ अशा विधानांवरून ‘असायला हवे’ असा निष्कर्ष काढणे, ही स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४० मध्ये दाखवलेली अडचण त्याहून वेगळी. आणि ‘चांगले’ या कल्पनेला दुसऱ्याच एखाद्या गुणाशी एकरूप मानणे, हा इंग्रज तत्त्वज्ञ जी. ई. मूर यांनी १९०३ मध्ये सांगितलेला ‘निसर्गवादी तर्कदोष’ तिसरा. तिन्हींना एकाच नावाने हाक मारण्याची सवय इतकी पसरली आहे की, समोरच्याने हे नाव घेतले तर ‘तिन्हींपैकी कोणता?’ असे आधी विचारून घ्यावे.

दुसरी तयारी ‘चांगले’ शब्दाची. आपण ‘चांगला चाकू’, ‘चांगला पाऊस’, ‘चांगला माणूस’ म्हणतो आणि ‘चांगलाच मार बसला’ असेही म्हणतो. शेवटच्या वापरात ‘चांगला’ म्हणजे फक्त ‘भरपूर’. नीतीशी त्याचा काही संबंध नाही. चाकूची नैसर्गिक व्याख्या सहज होते: धार टिकते, मूठ हातात बसते, पाते वाकत नाही. तत्त्वज्ञ पीटर गीच यांनी १९५६ मध्ये दाखवले की ‘चांगला’ हे विशेषण नामाला धरूनच अर्थ घेते. ‘लाल चाकू’चे ‘ही वस्तू लाल आहे’ आणि ‘ही वस्तू चाकू आहे’ असे दोन तुकडे पडतात, ‘चांगला चाकू’चे पडत नाहीत. चाकू कशासाठी असतो हे ठाऊक असल्यामुळे तिथे अडत नाही. माणूस कशासाठी असतो? फिलिपा फूट यांनी २००१ मध्ये याचे उत्तर जीवसृष्टीच्या अंगाने देऊन पाहिले: ओक वृक्षाला खोल मुळे हवीत, कळपाने शिकार करणाऱ्या लांडग्याने शिकारीत वाटा उचलायला हवा, तसे माणसाच्या जगण्याच्या रीतीला काही सद्गुण लागतात. मांडणी देखणी आहे, पण माणसाच्या जगण्याच्या रीतीत परक्यांना हुसकावणेही तितकेच जुने आहे. त्यातले कोणते ‘माणसाचे’ म्हणून धरायचे आणि कोणते सोडायचे, हे ठरवताना नीती मागच्या दाराने आत येते असे मला वाटते. फूट यांच्या बाजूच्या अभ्यासकांना हे मान्य नाही, पण त्यांनी दिलेली निवडीची कसोटी मला अजून पुरेशी वाटत नाही.

आता मूर. त्यांचे म्हणणे असे: ‘घोडा’ ही कल्पना संमिश्र आहे, तिचे भाग सांगून व्याख्या करता येते. ‘पिवळा’ ही साधी कल्पना आहे. पिवळा प्रकाश किती लांबीच्या लहरींचा असतो हे सांगितले तरी पिवळेपण म्हणजे काय ते सांगितल्यासारखे होत नाही. ‘चांगले’ हे तसेच साधे, फक्त डोळ्यांना न दिसणारे.

हे तपासण्यासाठी त्यांनी दिलेली कसोटी कुणालाही वापरता येते. सुचवलेली व्याख्या ‘चांगले म्हणजे क’ अशी लिहा. मग दोन प्रश्न शेजारी ठेवा. पहिला: ‘जे क आहे, ते क आहे का?’ दुसरा: ‘जे क आहे, ते चांगले आहे का?’ दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असेल तर दोन्ही प्रश्न सारखेच पोकळ वाटायला हवेत. आता क च्या जागी ‘सुखद’ घाला. ‘जे सुखद आहे ते सुखद आहे का?’ यावर कुणीही हसेल. ‘जे सुखद आहे ते चांगले आहे का?’ यावर विचारी माणूस थबकतो: दुसऱ्याची फजिती पाहून होणारे सुखही चांगले म्हणायचे का? क च्या जागी ‘बहुसंख्यांना हवेसे वाटणारे’, ‘उत्क्रांतीत टिकलेले’, ‘समाजाला स्थैर्य देणारे’ काहीही घाला, दुसरा प्रश्न खुलाच राहतो. यालाच खुल्या प्रश्नाचा युक्तिवाद म्हणतात. क म्हणजे ‘ईश्वराला पसंत असलेले’ असे घेतले तरी हेच होते. मूर यांनी पारलौकिक आधारावरच्या नीतिशास्त्रालाही याच मापाने मोजले होते. त्यामुळे हा युक्तिवाद फक्त विज्ञाननिष्ठांवर उगारणारे स्वतःचा हात कापून घेतात.

इथे भाषेची एक गंमत. १८६१ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने असे म्हटले की एखादी वस्तू दिसू शकते याचा पुरावा म्हणजे लोकांना ती दिसते. तसेच एखादी गोष्ट हवीशी असण्याचा पुरावा म्हणजे लोकांना ती हवी असते. इंग्रजीत ‘व्हिजिबल’ आणि ‘डिझायरेबल’ या दोन्ही शब्दांना एकाच धाटणीचा प्रत्यय लागतो, म्हणून हे वाक्य क्षणभर पटते. मराठीत ‘दृश्य’ म्हणजे जे दिसते ते आणि ‘दर्शनीय’ म्हणजे पाहण्याजोगे, असे दोन शब्द वेगळेच आहेत. दृश्यावरून दर्शनीय सिद्ध करायला निघालेला माणूस पहिल्याच पावलावर अडखळेल. मात्र ‘इष्ट’ हा शब्द आपल्यालाही तसाच फसवतो: व्युत्पत्तीने तो ‘इच्छिलेले’ आणि वापरात ‘इच्छावे असे’. व्याख्येत ‘इष्ट’ दिसला की तो दोहोंपैकी कोणत्या अर्थाने आला आहे, ते लिहूनच पुढे जावे.

मूर यांची कसोटी कुठे कमी पडते? पहिली गोष्ट, विल्यम फ्रँकेना यांनी १९३९ मध्ये दाखवले की ‘दोन वेगळ्या गुणांना एक मानणे हा दोष आहे’ असे म्हणण्याआधी ते वेगळे आहेत हे सिद्ध करावे लागते. सुखवादी, म्हणजे सुख हेच चांगले मानणारा, म्हणतो ते एकच आहेत. त्याला दोषी ठरवायचे, तर ज्यावर वाद आहे तेच गृहीत धरावे लागते. दुसरी गोष्ट, प्रश्न खुला वाटणे यावरून अर्थ वेगळा असल्याचे ठरत नाही. ‘एका बिंदूपासून सारख्याच अंतरावर असलेल्या, एकाच प्रतलातल्या सर्व बिंदूंनी बनते ते वर्तुळ’ ही व्याख्या पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही ‘खरंच असं आहे का?’ असे विचारावेसे वाटते, तरी ती चूक नाही. काही नवे सांगणारी कोणतीही व्याख्या थोडी खुली वाटणारच.

तिसरी गोष्ट सर्वांत वजनदार. शब्दांचे अर्थ वेगळे असले तरी ज्या वस्तूकडे ते बोट दाखवतात ती एकच असू शकते. जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे यांनी १८९२ मध्ये पहाटेच्या आणि संध्याकाळच्या ताऱ्याचे उदाहरण देऊन हा भेद मांडला. दोन्ही नावांमागे शुक्र हा एकच ग्रह. पाण्याचेही तसेच. पाणी हे मूलद्रव्य नसून हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे संयुग आहे, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी १७८३ मध्ये मांडले. त्याआधीच्या माणसाने ‘हे पाणी आहे हे खरे, पण ते दोन वायूंचे संयुग आहे का?’ असे विचारले असते तर तो प्रश्न पूर्ण खुला होता. पाणी मात्र तेव्हाही तेच होते. क्रिपके आणि पटनम या तत्त्वज्ञांनी १९७० च्या दशकात हा मुद्दा पक्का केल्यावर मूर यांच्या कसोटीची मर्यादा स्पष्ट झाली: ती शब्दार्थाविषयी बोलते, गुणाविषयी नाही.

म्हणजे निसर्गवाद्याला, चांगुलपणा हा एक नैसर्गिक गुणच आहे असे मानणाऱ्याला, वाट मोकळी झाली. आता ‘चांगुलपणा म्हणजे क’ हे ‘पाणी म्हणजे एच-टू-ओ’च्या धर्तीचे शोधवाक्य म्हणून मांडायचे. १९८० च्या दशकात बॉइड, स्टर्जन आणि ब्रिंक यांनी हेच केले. बॉइड यांच्या मते चांगुलपणा ‘आरोग्या’सारखा आहे: एकाच मापाने न मोजता येणारा, परस्परांना आधार देणाऱ्या अनेक घटकांचा जुडगा. अन्न, जिव्हाळा, स्वायत्तता, सहकार्य या गरजा भागल्या की त्या एकमेकींना सांभाळतात. ‘चांगले’ हा शब्द या जुडग्याकडे बोट दाखवतो, कारण आपला त्या शब्दाचा वापर दीर्घकाळात त्याच जुडग्याच्या कार्यकारण-प्रभावाखाली घडला.

या मांडणीवरचा सर्वांत अवघड आक्षेप हॉर्गन आणि टिमन्स यांचा. तो नीट समजायला पटनम यांची मूळ कल्पना पायरीने घ्यावी लागते. एक जुळी पृथ्वी कल्पा. तिथल्या नद्यांत पाण्यासारखेच दिसणारे, तहान भागवणारे, पण वेगळ्या रासायनिक रचनेचे द्रव आहे आणि तिथले लोक त्यालाच ‘पाणी’ म्हणतात. आपली त्यांची गाठ पडली, रचना कळली, तर आपण काय म्हणू? ‘तुमच्या शब्दाचा अर्थ वेगळा, आमच्या वेगळा.’ वाद संपला. आता दुसरी जुळी पृथ्वी घ्या. तिथेही लोक ‘चांगले’ हा शब्द कौतुकासाठी, सल्ल्यासाठी, निर्णयासाठी वापरतात. पण आपला वापर परिणामांनी, सुखदुःखाच्या बेरजेने घडलेला आहे असे समजा, आणि त्यांचा वापर वचनपालन, कर्तव्य अशा नियमांनी. एका निरपराध माणसाचा बळी देऊन पाच जण वाचतात. आपण म्हणतो ‘हे चांगले’, ते म्हणतात ‘हे चांगले नाही’. इथे ‘तुमचा शब्द वेगळा, आमचा वेगळा’ म्हणून कुणी निघून जाणार नाही. दोघांनाही वाटेल की आपले खरेखुरे मतभेद आहेत. पण शब्द ज्या गुणाच्या प्रभावाखाली घडला त्याच गुणाकडे बोट दाखवत असेल, तर दोघे वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत आणि मतभेद असूच शकत नाहीत. ते आहेत असे आपल्याला ठामपणे वाटते, त्यामुळे ‘चांगले’ हा शब्द ‘पाण्या’सारखा चालत नाही असे दिसते.

यावर दोन उत्तरे दिली जातात. एक, अशा काल्पनिक प्रसंगातल्या आपल्या प्रतिक्रियेवर फार विसंबू नये. दोन, शब्द कशाकडे बोट दाखवतो हे त्याच्या इतिहासाने ठरत नाही, तो आयुष्यात काय काम करतो यावरून ठरते. दुसरे उत्तर मला आश्वासक वाटते, पण त्याची किंमत मोठी आहे. ‘निर्णयाला दिशा देणे’ हे जर त्या शब्दाचे काम असेल, तर व्याख्येत येणाऱ्या नैसर्गिक गुणाला दिशा देण्याचा अधिकार कुठून मिळतो, हे सांगावे लागते. डेरेक पारफिट यांनी २०११ मध्ये नेमके यावर बोट ठेवले. उष्णतेच्या जुन्या कल्पनेतच एक रिकामी जागा होती: ‘जो कोणता गुण वस्तू वितळवतो, पाण्याची वाफ करतो, तो’. रेणूंच्या गतीने ती जागा भरली. ‘हे करण्याला सबळ कारण आहे’ या कल्पनेत तशी, नैसर्गिक गुणाने भरण्यासारखी जागाच नाही, असे त्यांचे म्हणणे. मला हे थोडे घाईचे वाटते, पण सिद्ध करण्याचे ओझे निसर्गवाद्यावर आहे हे खरे.

याच जागेवरून एक वेगळा फाटा फुटतो. एअर यांनी १९३६ मध्ये, नंतर स्टीव्हन्सन आणि हेअर यांनी असे म्हटले की प्रश्न खुला राहतो, कारण ‘चांगले’ हा शब्द मुळात वर्णन करतच नाही. तो पसंती व्यक्त करतो किंवा शिफारस करतो. खुलेपणाचे हे स्पष्टीकरण फार सोपे आहे. अडते ते ‘चोरी करणे वाईट असेल, तर धाकट्या भावाकरवी ती करवून घेणेही वाईट’ अशा वाक्यांपाशी. इथे ‘वाईट’ म्हणून कुणी नापसंती व्यक्त करत नाही, तरी वाक्याला अर्थ आहे आणि त्यावरून अनुमानही काढता येते. हा मुद्दाही गीच यांचाच.

‘आहे’वरून ‘असायला हवे’ निघत नाही, एवढ्यावर निसर्गवाद कोसळतो असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. ‘या भांड्यात हायड्रोजन-ऑक्सिजनचे अमुक संयुग आहे’ या विधानावरून ‘या भांड्यात पाणी आहे’ हेसुद्धा निव्वळ तर्काने निघत नाही. मध्ये दोन्हींना जोडणारे वाक्य लागते, आणि ते शोधाने मिळते. म्हणजे तार्किक दरी असली तरी वस्तू एकच असू शकते. ह्यूमचा इशारा अनुमानासाठी आहे. (धर्माचे, म्हणजे काय करावे याचे, ज्ञान प्रत्यक्षाने होत नाही, कारण प्रत्यक्ष फक्त विद्यमान वस्तू दाखवते, त्यासाठी विधिवाक्य, म्हणजे ‘अमुक करावे’ अशी वेदातली आज्ञा, लागते, असे जैमिनीच्या पूर्वमीमांसेत फार आधी आले आहे. दरी तीच, पूल वेगळा.)

फ्रँक जॅक्सन यांची १९९८ ची वाट सर्वांत सरळ. दोन प्रसंग प्रत्येक नैसर्गिक बाबतीत तंतोतंत सारखे असतील, तर त्यांतला एक चांगला आणि दुसरा वाईट असू शकत नाही. हे जवळजवळ सगळेच मानतात, मूरसुद्धा. मग जिथे जिथे काही चांगले आहे अशा सर्व शक्य प्रसंगांची नैसर्गिक वर्णने ‘किंवा’ने जोडा. तयार होणारे अवाढव्य वर्णन ‘चांगले’च्या व्याप्तीशी अनिवार्यपणे जुळेल. जॅक्सन म्हणतात, तोच तो गुण. इथे हरकत अशी की अनिवार्यपणे जुळणे म्हणजे एक असणे नव्हे. समतलातला समभुज त्रिकोण नेहमी समकोनही असतो, तरी बाजू सारख्या असणे आणि कोन सारखे असणे या दोन बाबी आहेत, असे म्हणायला जागा आहे. शिवाय ते वर्णन कुणाला लिहून काढता येणार नाही, आणि यादीत कोणता प्रसंग घालायचा हे ठरवायला आधी तो चांगला आहे हे कळावे लागेल.

प्रत्यक्षात ज्या व्याख्या आपल्यासमोर येतात त्या मात्र इतक्या खोल कारणांनी पडत नाहीत. त्या चोरट्या मालामुळे पडतात. तपासणी अशी करावी: व्याख्येच्या उजव्या बाजूचा प्रत्येक शब्द वेगळा लिहा आणि विचारा, हा शब्द कुठे लागू होतो हे मूल्यनिर्णय न करता सांगता येते का? ‘कल्याण’, ‘हित’, ‘भरभराट’, ‘निकोप’, ‘विवेकी’, ‘अवाजवी’, ‘हानी’ हे नेहमीचे संशयित. ‘चांगले म्हणजे मानवी कल्याण वाढवणारे’ यात ‘कल्याण’ हाच शब्द सगळे काम करतो. तो काढून ‘रक्तदाब’, ‘आयुर्मान’, ‘स्वतः नोंदवलेले समाधान’ असे मोजता येणारे शब्द घाला, की प्रश्न पुन्हा खुला झालेला दिसेल. ‘पूर्ण माहिती असलेला माणूस स्वतःसाठी जे इच्छील ते चांगले’ या प्रकारच्या व्याख्या जास्त काळजीपूर्वक केलेल्या आहेत; पीटर रेल्टन यांची १९८६ ची मांडणी त्यांतली उत्तम. तरी ‘त्या माणसाने नीट विचार केला तर’ अशी पुरवणी आली की थांबा. ‘नीट’ म्हणजे किती वेळ, कोणत्या मनःस्थितीत, कोणत्या माहितीला किती वजन देऊन? हे मूल्यशब्द न वापरता सांगता आले तरच व्याख्या नैसर्गिक राहिली.

आता मूळ प्रश्नातली व्याख्या घेऊ: सजीवांचे एकूण सुख वाढवणारे ते चांगले. शब्दार्थ म्हणून ती खुल्या प्रश्नापाशी पडते. शोधवाक्य म्हणून घेतली तर पहिली अडचण ‘एकूण’ या शब्दाची. समजा सुख ० ते १० मध्ये मोजता आले. एका जगात १०० जण, प्रत्येकाचे सुख ८. बेरीज ८००, सरासरी ८. दुसऱ्या जगात २५० जण, प्रत्येकाचे ४. बेरीज १०००, सरासरी ४. ‘एकूण’ धरले तर दुसरे जग चांगले, सरासरी धरली तर पहिले. दोन्ही आकडे अचूक आहेत, आणि कोणता आकडा ‘चांगले’ मोजतो हे तिसरे कोणतेही उपकरण सांगत नाही. तिथे मोजणी थांबून नैतिक विचार सुरू होतो, म्हणजे जो व्याख्येने टळेल असे वाटले होते तोच.

दुसरी अडचण सुखाच्या प्रकारांची. दाताचे दुखणे थांबल्याचे समाधान आणि एखादे अवघड काम तडीस गेल्याचे समाधान एकाच पट्टीवर घ्यायचे, तर त्यांचा विनिमयदर लागेल. लोकांना कोणते जास्त हवे असे विचारून दर काढला, तर व्याख्या सुखावरून गुपचूप इच्छेवर सरकली. ‘जास्त हवे असायला पाहिजे’ असे म्हटले, तर चोरटा माल आत आला.

तिसरा शब्द ‘सजीव’. झाडे सजीव आहेत, जिवाणूही. त्यामुळे ‘सुखदुःख अनुभवू शकणारे’ असे म्हणावे लागेल. ही दुरुस्ती निरुपद्रवी आहे. मग माशांना, खेकड्यांना, कीटकांना वेदना जाणवते की त्यांची ती फक्त प्रतिक्षिप्त क्रिया असते, हे शोधायला हवे. इजा टाळण्यासाठी प्राणी अन्नावर पाणी सोडतो का, वेदनाशामक दिल्यावर त्याचे वागणे बदलते का, जखमेची काळजी घेतो का, अशा निकषांवर हे तपासता येते. हे काम पूर्णपणे प्रयोगशाळेचे आहे.